शेठचा कॉम्प्युटर आणि मागचा ढीग

बांधकामाच्या साइटवर किस्से कोणी मुद्दाम घडवत नाही. सळीच्या तुकड्यांसारखे ते आपोआप साचतात. रोज एखादा मागे फेकला जातो, कोणी लक्ष देत नाही, आणि एक दिवस वळून बघावं तर हा ढीग! आमच्या आचोळ्याच्या साइटवर असे दोन ढीग होते. किश्श्यांचा अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्याचं, म्हणजे खऱ्या भंगाराचं काय झालं, ते सांगतो.

तेव्हा कॉम्प्युटर नवा होता, म्हणजे त्याच्या खोलीत चपला काढून जायचे ते दिवस. मी साइट इंजिनिअर. आमचे बिल्डर पास्कल शेठ, वसईच्या एका जुन्या ख्रिस्ती गावातले, घरची केळीची वाडी. रस्त्यात वाकडा खिळा दिसला तर उचलून, दगडावर ठोकून सरळ करून खिशात टाकणारा माणूस. आणि त्याच माणसाच्या साइटमागे उरलेल्या सळ्या, प्लायचे तुकडे आणि फुटक्या लाद्यांचा डोंगर. तो बघितला की शेठना जेवण गोड लागायचं नाही.

त्यातल्या त्यात एक समाधान होतं. गावच्या चर्चची मुलं दर डिसेंबरात टेम्पो घेऊन यायची आणि त्यातलं हवं ते नेऊन नाताळचा गोठा बांधायची. आदल्या वर्षी तर असा प्रशस्त गोठा झाला, की बाळ येशू, मेंढपाळ, तीन राजे आणि राजांचे उंट, सगळे छपराखाली मावून वर दोन म्हशी बांधता आल्या असत्या. लोक कौतुक करत होते. शेठ एकटेच छपराकडे बघत म्हणाले, "केवढं प्लाय वाया घालवलं आपण!"

* * *

कोणीतरी शेठना सांगितलं, की आधी कॉम्प्युटरवर कापून बघितलं तर खरं कापताना नुकसान कमी होतं. शेठनी कॉम्प्युटर आणला. पण ठेवणार कुठे? ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड. सगळ्या साइटवर लादी, दार आणि पडदे असलेली जागा एकच, गिऱ्हाइकांना दाखवायचा सॅम्पल फ्लॅट. तिथल्या हॉलमध्ये त्याची स्थापना झाली.

पहिल्याच रविवारी मुंबईहून एक कुटुंब फ्लॅट बघायला आलं. गृहस्थांनी नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बघितली, मग हळूच मला विचारलं, "हा कॉम्प्युटर फ्लॅटबरोबर मिळणार का?"

शेठ मागेच उभे होते. म्हणाले, "तो भाडेकरू आहे. नाताळपर्यंत ठेवलाय. कामाचा निघाला तर राहील."

* * *

हे त्यांनी गमतीत म्हटलं नव्हतं. कॉम्प्युटर चालवायला विरारची मेघना आली होती. घराणं मूळचं कोकणातलं, नुकताच ड्रॉइंगचा कोर्स केलेली, बोलायला कमी आणि ऐकायला चोख. तिला शेठनी पहिल्याच दिवशी मागे नेऊन ढीग दाखवला. "नाताळपर्यंत हा अर्धा दिसला पाहिजे. नाही दिसला तर कॉम्प्युटर माझ्या मुलीकडे नायगावला जाईल."

"आणि मी?" मेघनाने विचारलं.

शेठनी ढिगातला एक खिळा उचलला आणि सरळ करायला घेतला. म्हणजे तिचीही नोकरी नाताळपर्यंतच, हे उत्तर मिळालं.

डबा खाताना तिने मला खरी गोष्ट सांगितली. घरी रत्नागिरीचं एक स्थळ तयार होतं. वडिलांनी वर्षअखेरपर्यंत मुदत दिली होती. नोकरी टिकली तर बघू, नाही टिकली तर बोलणी पक्की.

"मुलगा वाईट आहे का?" मी विचारलं.

"नाही हो. पण मला आत्ता लग्नच नको आहे. मला हे काम आवडतं."

असं म्हणणारी माणसं आमच्या साइटवर फार नव्हती. मला तिचं कौतुक वाटलं आणि काळजीही वाटली, कारण तो ढीग मी रोज बघत होतो.

* * *

मेघनाने सळी, प्लाय आणि लादी या तिन्हींच्या याद्या केल्या. कुठल्या सळीतून कुठला तुकडा काढायचा आणि उरलेला कुठे वापरायचा, सगळं लिहिलेलं. आमचा सळी कापणारा फिटर मुनीलाल त्या यादीबरहुकूम वागू लागला. उरलेले तुकडे खडूने नंबर घालून भिंतीला लावून ठेवायचा. हे जिन्याला, हे छज्ज्याला.

जिन्याची वेळ आली तेव्हा जिन्याचे तुकडे गायब. शोधता शोधता आम्ही वॉचमनच्या झोपडीमागे पोचलो. वॉचमन जनूकाका कामण गावाकडचे. त्यांनी वालाच्या वेलाला झकास मांडव केला होता. सळ्यांवरचा खडू अजून दिसत होता.

"काका, ही सळी जिन्याची आहे," मेघना म्हणाली.

"असंल. पन वाल चरलाय तिच्यावर. आता त्याला कोनी उतरवायचा?"

तिने थोडा विचार केला, वर गेली आणि पुढच्या यादीत एक ओळ वाढवली. संध्याकाळी शेठ यादी वाचता वाचता थांबले. "हा वालाचा मांडव कुठल्या मजल्यावर आहे?"

"ग्राउंड," मी म्हणालो.

शेंगा धरल्यावर जनूकाकांनी शेठच्या घरी पिशवीभर पाठवल्या, तेव्हा त्या ओळीवर पुन्हा प्रश्न आला नाही.

* * *

मग लोडशेडिंग. एका सकाळी वीज गेली आणि मेघनाची यादी कॉम्प्युटरच्या पोटात राहिली. शेठ आले तर मुनीलालची सगळी गँग सावलीत बसलेली.

"काम क्यों बंद है?"

"शेठ, कंप्यूटर सोया है. उठेगा, बोलेगा, तब काटेंगे."

हाच मुनीलाल पूर्वी कोणाला न विचारता दिसेल ती सळी कापायचा. शेठ घरी गावच्या बोलीत बोलत, ऑफिसात आमच्यासारखं, आणि चिडले की दोन्ही एकदम. त्या दिवशी दोन्ही ऐकायला मिळालं. शेवटचं तेवढं मला नीट कळलं. "आधी लोखंड वाया जायचं, आता माणसं वाया जातायत!"

त्यानंतर मेघना उद्याची यादी आजच छापून ठेवू लागली.

* * *

तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलेल्या एक शाळेतल्या बाई होत्या. कडप्पा कापून तयार झाल्यावर त्यांना कोणीतरी सांगितलं, की स्वयंपाकाचा ओटा पूर्वेला पाहिजे. शेठनी त्यांना थेट मेघनाकडे पाठवलं. स्वतःला नाही म्हणायचं नसलं की ते हल्ली असंच करत.

बाईंनी चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि विचारलं, "तुमच्या या कॉम्प्युटरला दिशा कळतात का गं?"

"दिशांमधलं शुभ-अशुभ नाही कळत, काकू. पण ओटा फिरवला तर कडप्पा किती वाया जाईल ते कळतं." तिने पडद्यावर ओटा फिरवून दाखवला.

बाईंनी पडद्यावरचा वाया जाणारा तुकडा बोटांनी मोजून बघितला. मग उठल्या. "राहू दे. वाया घालवणंही अशुभच."

* * *

डिसेंबर आला. ढीग खरंच उतरत होता, निदान मला आणि मेघनाला तसं वाटत होतं. शेठनी मात्र मुद्दाम मागे जाणं सोडलं होतं. एकदाच बघणार, नाताळच्या आदल्या दिवशी.

त्या सकाळी आम्ही तिघं मागे गेलो. तिथे झाडून काढल्यासारखी स्वच्छ जमीन होती.

"पोरं टेम्पो घेऊन आली होती ना," जनूकाका म्हणाले. "दर सालासारखी. सगळाच घेऊन गेली."

कामाच्या गडबडीत गोठ्याची आठवण कोणालाच राहिली नव्हती. मी शेठना सांगायला लागलो, की ढीग नक्की अर्ध्याहून कमी होता. शेठ म्हणाले, "तुम्ही तिच्या बाजूचे. मला डोळ्यांनी बघायचं होतं. आता काय बघू?"

येत्या रविवारी रत्नागिरीची मंडळी येणार आहेत, एवढंच मेघनाने मला जाताना सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

नाताळच्या दुपारी दरवर्षी आम्हा स्टाफचं जेवण शेठच्या घरी असायचं. मेघनाही आली होती, बहुधा निरोप घ्यायला. जेवणाआधी शेठ आम्हाला रिवाजाप्रमाणे चर्चच्या आवारात गोठा दाखवायला घेऊन गेले.

छपराखाली बाळ, मरिया, योसेफ आणि दाटीवाटीने मेंढपाळ होते. तीन राजे आपापले उंट घेऊन बाहेर गवतावर, भर उन्हात उभे होते.

फादर लगबगीने पुढे आले. "पास्कल, पोरांनी तुझ्याकडचं होतं नव्हतं ते सगळं आणलं. तरी यंदा प्लाय पुरलंच नाही बघ. राजांना आत घेता आलं नाही."

शेठ छपराकडे बघत राहिले. मग उंटांकडे. मग पुन्हा छपराकडे.

"उभे राहू देत, फादर," ते म्हणाले. "लांबून चालत आलेत. त्यांना उन्हाची सवय आहे."

आणि वळून मेघनाला म्हणाले, "सोमवारी वेळेवर ये."