अकरावा प्रश्न

माझी थोरली मावशी सव्वीस वर्षं एका दवाखान्याच्या खिडकीत बसली. नोकरीच ती होती. आलेल्या माणसाचं नाव लिहून घ्यायचं, जुनी फाईल शोधायची, नंबर द्यायचा आणि नंबर आला की हाक मारायची. दवाखाना तीन डॉक्टरांचा, पहिल्या मजल्यावर. खाली चष्म्यांचं दुकान. आम्ही भाचरंडं तिला खिडकीमावशी म्हणायचो. तिनं लग्न केलं नाही. का, ते घरात कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

तिचं एक कसब होतं. ती चेहरा बघून माणूस ओळखायची. एखाद्याचा नंबर बारावा असला तरी ती त्याला तिसऱ्यावर आत सोडायची. रांगेतले कुरकुरले की म्हणायची, "तुमचं दुखणं बोलतंय, त्यांचं गप्प झालंय. गप्प झालेलं आधी." थोरल्या डॉक्टरांनी याला कधी हरकत घेतली नाही. उलट आल्यागेल्याला सांगायचे, "अर्धं निदान आमच्या बाई खिडकीतच करतात."

पुढे थोरल्या डॉक्टरांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला. हा धाकटा डॉक्टर हुशार होता, हाताला गुण होता, पण कायम घाईत. लहानपणी शाळा सुटली की तो दप्तरासकट मावशीच्या खिडकीत येऊन बसायचा, त्यामुळे तिला तो घरचाच वाटायचा. एके सकाळी त्यानं तिला आत बोलावलं.

"बाई, आपण नोंदणीचं यंत्र घेतोय. पेशंट आला की स्वतःच स्क्रीनवर नोंद करेल. तीन कंपन्या आहेत. कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा."

"मी?"

"मग कोण? पेशंट तुमच्याइतके कुणाला माहीत आहेत?"

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली ती हरखूनच. चहा निवला तरी तिचं लक्ष नव्हतं. सव्वीस वर्षांत तिला पहिल्यांदा कुणी मत विचारलं होतं. माझी आई तिची धाकटी बहीण, आणि जिभेला धार. ती म्हणाली, "अगं, स्वतःच्या जागेवर बसवायचं यंत्र स्वतःच निवडतेस, आणि वर हसतेस काय?"

"जागा कुठे जातेय? खिडकी राहणारच आहे. त्यानं तसा शब्द दिलाय."

"शब्दाला काय, वाऱ्यावरची वरात."

"तुला सगळीकडे खोटच दिसते," मावशी म्हणाली, आणि पिशवीतून नवी कोरी वही काढून माझ्यापुढे ठेवली. "तुझं अक्षर चांगलं आहे. मी सांगते, तू लिही."

सतरा प्रश्न झाले. अक्षर किती मोठं करता येतं? चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा हात पोचतो का? मागे उभ्या असलेल्याला स्क्रीन दिसते का, कारण बाईमाणसाला आपलं दुखणं चारचौघांत वाचून दाखवायचं नसतं. एकाच नावाचे दोघं आले तर? वीज गेली तर? हात थरथरत असेल तर? अकरावा प्रश्न असा होता: ज्याच्याकडे स्वतःचा फोन नाही, त्यानं काय करायचं?

एवढ्यावर ती थांबली नाही. हक्काच्या रजा टाकून तिनं असली यंत्रं बसवलेले दोन दवाखाने गाठले आणि तिथे पेशंट असल्यासारखी दिवसभर बाकावर बसली. किती जण यंत्राकडून परत फिरतात ते वहीत रेघा मारून मोजलं. एका ठिकाणी एक बाई यंत्रापुढे उभी राहून रडत होती. 'भेटीचं कारण' या रकान्यात काय भरावं ते तिला कळत नव्हतं. हे सांगताना मावशीचा आवाज असा झाला होता, जणू कुणी तिचाच अपमान केला.

मग कंपन्यांची माणसं आली. पहिलं यंत्र तिनं दहा मिनिटांत नाकारलं, अक्षरं मुंगीएवढी. दुसरं यंत्र घेऊन आलेला माणूस चुरगळलेल्या शर्टातला, भिंतीकडे बघून बोलणारा. यंत्र टपालपेटीसारखं बोजड, हळू चालणारं. पण त्याला फोन लागत नव्हता. जन्मतारीख आणि नावाचं पहिलं अक्षर दाबलं की झालं. मावशी प्रश्न विचारत गेली आणि तो "आहे", "नाही", "बघावं लागेल" एवढंच म्हणत गेला. मधेच त्यानं विचारलं, "डॉक्टर कधी भेटतील?" म्हणजे खरं बोलणं त्यांच्याशी.

तिसरा विक्रेता तरुण, बोलका, इस्त्रीचा शर्ट. मावशी खोलीत आली तर तो उठून उभा राहिला. "बसा ना, मॅडम." तिची वही त्यानं दोन्ही हातांनी घेतली, सतराच्या सतरा प्रश्न वाचले आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या कंपनीत एवढा विचार कुणी केला नसेल. याचे फोटो काढू का? साहेबांना दाखवतो."

यंत्रही देखणं होतं. मोठी अक्षरं, बाजूनं न दिसणारी स्क्रीन, बोटाचा नुसता स्पर्श पुरे. अकराव्या प्रश्नाला तो म्हणाला, "पेशंटच्या फोनवर एक आकडा येतो, तो टाकायचा. फोन नसेल त्याची नोंद खिडकीतून एका बटणावर होते. तुम्ही आहातच की, मॅडम."

तिनं तिसरं निवडलं. दोन पानी शिफारस लिहिली, खाली सही केली. दुसऱ्या पानाच्या शेवटी अट घातली: खिडकीत माणूस कायम असावा. धाकट्या डॉक्टरानं पहिलं पान वाचलं आणि मंजुरी दिली. कंपनीनं यंत्राशेजारी तिला उभं करून तिचा फोटो काढला आणि माहितीपत्रकावर छापला. त्याच्या चार प्रती तिनं आमच्याकडे आणून दिल्या. आईनं एक फ्रिजला लावली आणि टोमणा मात्र गिळला.

आठ महिने बरे गेले. मग धाकट्या डॉक्टरानं आकडे पाहिले. शंभरातले नव्वद जण आपली नोंद आपणच करत होते. त्यानं दुपारी दोन ते पाच खिडकी बंद केली आणि त्या वेळात मावशीला आतल्या खोलीत जुन्या फायली संगणकात भरायला बसवलं.

"मी अट लिहिली होती," मावशी म्हणाली.

"बाई, यंत्राशेजारी बेल लावलीय ना. कुणाला अडलं तर वाजवेल."

"अडलेला माणूस बेल वाजवत नाही, डॉक्टर. तो गप्प बसतो."

"तीन तासांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला आणि पुढचा पेशंट बोलावला. मावशी आत जाऊन फायली उघडून बसली. तिथे आपण आणखी भांडायला हवं होतं, हे तिनं नंतर मला खूपदा सांगितलं.

ड्रायव्हरकाका दवाखान्याचे जुने पेशंट. बस चालवून निवृत्त झालेले, रक्तदाबाच्या गोळीसाठी महिन्यातून एकदा यायचे. बायकोचा खुबा मोडलेला, ती घर सोडू शकत नसे. मुलगा दुसऱ्या गावी कारखान्यात. काकांकडे स्वतःचा फोन नव्हता, घरात नुसता जुना तारेचा, म्हणून दवाखान्याच्या नोंदीत मुलाचा नंबर होता.

त्या दिवशी बाराच्या सुमारास त्यांचा उजवा हात जड वाटायला लागला. जेवून बघू म्हणाले, मग पडून बघू म्हणाले. अखेर निघाले आणि अडीचला दवाखान्यात पोचले. खिडकी बंद होती. डाव्या हातानं त्यांनी स्क्रीनवर नाव शोधलं, दाबलं. स्क्रीन म्हणाली, तुमच्या फोनवर आलेला आकडा टाका. आकडा गेला होता मुलाच्या फोनवर, आणि मुलाचा फोन पाळी संपेपर्यंत कारखान्याच्या कपाटात. काका उभे राहिले. थोड्या वेळानं स्क्रीन आपोआप बदलली आणि तिच्यावर 'आपले स्वागत आहे' असं आलं. काकांना वाटलं, झाली नोंद. ते जाऊन खुर्चीत बसले.

हे सगळं नंतर कॅमेऱ्यात दिसलं. पाटीवर नवीन नंबर आला की ते मान वर करायचे. नंबर दुसऱ्याचा निघाला की मान खाली. आजूबाजूला सहा-सात माणसं होती. त्यांच्या माना खालीच होत्या, आपापल्या फोनमध्ये.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मावशी पाणी प्यायला बाहेर आली. तिनं बघितलं आणि पेला तिच्या हातून सुटला. काका एका अंगावर कलले होते. तिला ओळखून ते हसले, पण हसू अर्ध्याच तोंडाला आलं.

"डॉक्टर!" ती अशी ओरडली की खालच्या चष्म्याच्या दुकानातली माणसं वर धावली.

मोठ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं, हात जड कधी झाला? घरी फोन लावून विचारलं. बारा वाजता. त्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तीनपर्यंत आले असते तर..." काका वाचले. वाचा गेली, उजवी बाजू गेली.

आठवड्यानं काकांचा मुलगा दवाखान्यात आला. धाकट्या डॉक्टराच्या खोलीत तिघं बसले. डॉक्टरानं फाईल उघडून त्याच्यापुढे सरकवली. "मला फार वाईट वाटतं. पण यंत्राची निवड आमच्या बाईंनी केली होती. संपूर्ण अभ्यास करून. ही त्यांची सही."

मावशीच्या हातात वही होती. खिडकीच्या अटीबद्दल काय बोलायचं ते ती रात्रभर पाठ करून आली होती. पण मुलगा चिडलाच नाही. त्यानं शांतपणे तिच्याकडे बघून विचारलं, "मावशी, सगळ्याच यंत्रांना फोन लागत होता का?"

"नाही. एकाला लागत नव्हता."

"मग ते का नाही घेतलं?"

हळू होतं म्हणावं, तर काकांना घाई कुठे होती? बोजड होतं म्हणावं, तर त्याचं त्यांना काय? तिनं वही मिटली. धाकट्या डॉक्टरानं खुर्चीत पाठ टेकली. इतका वेळ तो पुढे वाकून बसला होता.

मुलानं रीतसर तक्रार केली. दवाखान्याला ताकीद मिळाली. कंपनीचा माणूस येऊन यंत्रात जन्मतारखेचा पर्याय घालून गेला. एका दुपारचं काम होतं म्हणे. मावशीला धाकटा डॉक्टर म्हणाला, "बाई, थोडे दिवस घरी आराम करा," आणि ते थोडे दिवस संपलेच नाहीत. खिडकीच्या काचेला आतून पांढरा कागद लागला. थोरल्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी आधी तब्येत विचारली, मग म्हणाले, "बाई, तुम्ही एवढं खरं बोलायला नको होतं." हळहळ होती की ठपका, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

आई संतापली. "अट तू घातलीस, खिडकी त्यानं बंद केली, आणि खापर तुझ्यावर! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"मी संन्याशी नव्हते गं," मावशी म्हणाली. "फोन न लागणारं यंत्र माझ्यासमोर होतं. अकरावा प्रश्न मीच लिहिला होता. पण तो मुलगा मला मॅडम म्हणाला. उठून उभा राहिला. आणि दुसरा माझ्याकडे बघेसुद्धा ना." ती हसली, ते बघवत नव्हतं. "एका मॅडमपायी."

आई उठून आत गेली.

मग मावशीनं दर गुरुवारी ड्रायव्हरकाकांकडे जायला सुरुवात केली. दोन जिने चढून जायची, बसायची, काकूंना बाजारातून काही हवं असेल तर आणून द्यायची. काकूंनी तिला कधी शब्दानं दुखावलं नाही. असे चार महिने गेले. एका गुरुवारी काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"बाई, रागावू नका. पण तुम्ही येऊ नका."

"माझं काही चुकलं का?"

"तुम्ही येऊन गेलात की हे दिवसभर दाराकडे बघत बसतात. यांना काहीतरी सांगायचं असतं आणि ते निघत नाही. मग डावा हात पलंगावर आपटत राहतात. मला एकटीला आवरत नाही हो."

मावशी तशीच जिना उतरली. आमच्याकडे येऊन चप्पलही न काढता दारातच उभी राहिली आणि मला म्हणाली, "काय सांगायचं असेल गं त्यांना?"

मी म्हणाले, "आभार मानायचे असतील. तूच तर ओळखलंस त्यांना."

"आभाराला माणूस हात आपटतो का?" ती म्हणाली.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मावशीला हल्ली रक्तदाबाचा त्रास आहे. गोळी ती घराखालच्या औषधाच्या दुकानातून आणते, जुनी चिठ्ठी दाखवून. आई तिच्या मागे लागते, अगं, कुठल्या तरी दवाखान्यात जाऊन एकदा तपासून तरी ये. मावशी हो म्हणते, तारीख ठरवते, आणि त्या दिवशी सकाळी फोन करून सांगते की आज बरं वाटतंय.