पूजेला बसलेला पाना

वडिलांना, अण्णांना, डायलिसिससाठी जालन्याला नेण्याचा तो सातवा महिना होता. आठवड्यातून दोन फेऱ्या, पहाटे उठणं, गाडी काढणं, दिवसभर बाकावर बसणं, संध्याकाळी परतणं. घरात नवरात्राचे घट बसले होते. मी सकाळ-संध्याकाळ दिव्यात तेल घालत होतो, पण ते आई सांगायची म्हणून. पिंपळगावच्या रेणुकामायवर माझी श्रद्धा नव्हती असं नाही. थकलेला माणूस नास्तिक होत नाही, त्याला देवाशी बोलायचाही कंटाळा येतो. तिच्याकडं काही मागावं असं त्या दिवसांत मला वाटत नव्हतं. मागून काही होईल असंही वाटत नव्हतं.

खंडेनवमीच्या दिवशी गाडीचे पुढचे ब्रेक पॅड मी घरीच बदलले. गॅरेजवाला सणाला गावी गेला होता आणि ब्रेक महिनाभर खरखरत होते. मोबाईलवर व्हिडिओ दोनदा पाहिला आणि अंगणात काम उरकलं. काम चालू असतानाच डायलिसिस सेंटरमधून फोन आला. उद्या दसरा आहे, एकच पाळी चालेल, दहाच्या आत या. नाही तर नंबर थेट दोन दिवसांनी लागेल. अण्णांच्या पायांवर सूज चढली होती, उताणं निजलं की दम लागत होता. दोन दिवस थांबणं त्यांना झेपणार नव्हतं. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं होतं.

दसऱ्याला सकाळी सातला आम्ही निघालो. बॉनेटवर झेंडूचा हार होता. भोकरदन मागे पडल्यावर पुढून आवाज यायला लागला. टक्, टक्, चाकाच्या फेऱ्याबरोबर. वेग वाढवला की आवाज जवळजवळ येई, कमी केला की लांबलांब. मी थांबलो, टायरमध्ये खडा अडकलाय का पाहिलं. नव्हता. पुढे पुन्हा थांबलो, चाकाला हात लावला, ते तापलेलं नव्हतं. ब्रेक दाबून पाहिला, आवाज तसाच. नवे पॅड बसेपर्यंत थोडा आवाज करतात, असं व्हिडिओत ऐकलं होतं. मी तेच धरून बसलो. पॅडवर मी तीन तास घालवले होते, म्हणून दोष असला तर तिथंच असणार असं मला वाटत राहिलं.

"कधीची आवाज करून राह्यली गाडी," मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले. "बैलगाडीची खीळ ढिली झाली की असंच वाजायचं."

"अण्णा, ही बैलगाडी न्हाई."

"चाक तं चाकच असतंय ना."

घड्याळात साडेआठ वाजले होते. आणखी एकदा थांबलो असतो तर दहा गाठता आले नसते, असा माझा हिशोब होता.

राजूरच्या अलीकडे एक मोटारसायकल मागून हॉर्न वाजवत आली. चालवणाऱ्याने गाडी आमच्यापुढे आडवी घालावी तशी वळवली आणि हात वर केला. मला राग आला. काच खाली केली तर माणूस पन्नाशीचा, पांढरी टोपी, हँडलला हत्यारांची पिशवी.

"भाऊ, चाक नाचून राह्यलंय तुमचं. उजवं, पुढचं. कवाचं हॉर्न मारून राह्यलो मी."

"नवे पॅड टाकलेत, त्याचा आवाज आहे," मी म्हणालो.

"आवाजाचं न्हाई बोलत मी. डोळ्यानं पाह्यलंय ना मी. उतरा."

त्याने बसून चाकावरची गोल झाकणी ओढून काढली. आतून एक नट त्याच्या तळहातावर पडला. उरलेल्या तीन नटांपैकी दोन नुसत्या बोटांनी फिरत होते. एकच नट काय तो थोडाफार धरून होता. टक्, टक् करत होता तो निखळून झाकणीत अडकलेला नट. तो बाहेर पडला असता तर आवाज बंद झाला असता आणि मी निर्धास्त वेग वाढवला असता.

मग मला सगळं लख्ख आठवलं. नट हाताने बसवायचे, गाडी जॅकवरून खाली घ्यायची, मग पान्याने आवळायचे. उजव्या चाकाचं आवळणं राहिलं होतं आणि फोन आला होता. बोलून परतलो तेव्हा आईने अंगण झाडून हत्यारं आत नेली होती. विळा, कुऱ्हाड, पक्कड, जॅक, पाना, सगळं पाटावर, हळदकुंकू वाहून. पूजेला लागलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेशिवाय उचलत नाहीत. समोर हत्यार नाही म्हणजे काम संपलं, असं माझ्या थकलेल्या डोक्याने धरलं आणि मी झाकणी दाबून बसवली होती.

"पाना काढा," तो म्हणाला.

"घरी आहे. पूजेला."

तो हसला. "आज सगळ्या तालुक्याचे पाने देवापाशी बसलेत. माझे तेवढे बिचारे कामावर."

तो जवळच्या फाट्यावर पंक्चर आणि वेल्डिंगचं काम करायचा. चारही नट त्याने आडव्यातिडव्या क्रमाने आवळले, दुसरी बाजूही तपासली. अण्णांनी खिडकीतून हात पुढं केला. "पाना दे जरा हिकडं."

"हात काळे होतेन, अण्णा."

"होऊ दे."

अण्णांनी तो पाना कपाळाला लावला आणि परत दिला. त्या माणसाने तो न पुसता पिशवीत ठेवला.

मी स्टिअरिंगवर बसलो, किल्ली लावली. पण ती फिरवायचं धाडस होईना. त्याने एक मिनिट पाहिलं, मग मोटारसायकल रस्त्याकडेच्या टपरीवाल्याकडे सोपवून आला. "सरका. मी घेतो जालन्यापर्यंत. जीपनं येईन वापस. तुम्ही मागं बसा, अण्णांपाशी." सात महिन्यांत गाडीची किल्ली मी कुणालाही दिली नव्हती. ज्यांनी मागितली त्यांना, जमतंय मला, असं सांगत आलो होतो. त्या दिवशी किल्ली तशीच सोडून मागं जाऊन बसलो.

दहाला सात मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. अण्णा आत गेले. तो माणूस दुपारच्या नमाजाला परत पोचायचं म्हणून चहाही न घेता गेला. त्याला मी देव म्हणणार नाही. त्याला ते आवडणारही नाही. त्या रस्त्यावर, त्या वेळी तो आमच्या मागे कसा आला, याचाही शोध मी घेतलेला नाही. बाकावर बसून कितीतरी दिवसांनी मी रेणुकामायचं नाव घेतलं आणि एवढंच म्हणालो, आई, माझ्यानं सगळं होत न्हाई.

त्यानंतरचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा अंगावर दवाखान्याची चादर होती आणि समोर चाकाच्या खुर्चीत अण्णा बसले होते. दुपार उलटून गेली होती.

"सिस्टरबाई उठवून राह्यल्या होत्या तुला," ते म्हणाले. "मी म्हणलं, निजू द्या. लई थकलंय पोरगं."