थोरली, धाकटी आणि दिवाकर

देवळीहून फोन आला की तो कुंदाचाच असायचा. माझा धाकटा भाऊ दिवाकर शेवटची काही वर्षं फोन हातात घेतच नसे. तो मागून ओरडायचा आणि त्याची बायको कुंदा त्याचं ओरडणं मला पोचवायची. "बाई, हे म्हणून राह्यले, रविवारी येजो, अन् येतानी चिवडा आणजो." घरात सगळे मला बाईच म्हणत; मी म्हणायचे, "त्याले सांग, बाई काय तुही मोलकरीण हाय का?" त्या सकाळी फोन वाजला, तेव्हा मी सवयीनं विचारलं, "काय म्हणते तुहा नवरा?" तिकडून मागे बायका बोलत असल्याचा आवाज आला, मग कुंदाचा. छातीत दुखतंय म्हणाला, वर्ध्याला आणायला गाडी काढली, आणि गाडी देवळीची वेस ओलांडायच्या आत सगळं संपलं. वर्ध्याचा दवाखाना माझ्या घरापासून ऑटोनं एवढासा. मी इकडे, तो तिकडे, आणि मधला रस्ता तसाच पडलेला.

आमचं माहेर कापडवाल्यांचं. पुढे दुकान, मागे राहणं. वडील गेल्यावर दुकान दिवाकरकडे आलं, पण त्याचा जीव मागच्या खोलीत. तिथं त्यानं रेकॉर्डिंगचा स्टुडिओ थाटला. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून रुई भरून गाद्या शिवून घेतल्या आणि चारही भिंतींना ठोकल्या. कापसाच्या देवळीत रुईला काय तोटा! आई म्हणायची, "पाहुणे झोपते खाली सतरंजीवर, अन् भिंती झोपते गादीवर." नव्वदीच्या सुरुवातीला त्याच खोलीत आमच्या महिला भजनी मंडळाची कॅसेट निघाली. तेव्हाची मी म्हणजे काय वर्णावी! चाळिशी उलटलेली, पण आपला आवाज आकाशवाणीवाल्यांच्या नजरेतून कसा सुटला याचं नवल करणारी. रेकॉर्डिंगला जरीची साडी नेसून, गजरा माळून गेले, जसं काही माइकला डोळे होते. वर आवाज घुमावा म्हणून हट्ट धरला, "एको टाक, अजून टाक." इतका टाकायला लावला की ती कॅसेट ऐकून आई म्हणाली, "देवी हिरीत पडली का वं?"

मग दोन हजार सालच्या आसपास तिथं कॉम्प्युटर आला, आणि त्यात गाणी रेकॉर्ड करायची दोन सॉफ्टवेअरं. त्यांची नावं इंग्रजी, मला बोलता येईनात, म्हणून मी एकीला थोरली म्हणायला लागले, दुसरीला धाकटी. तीच नावं पुढे सगळ्यांच्या तोंडी बसली. दिवाकरचं सारं प्रेम थोरलीवर. गिरडचा शकील, दर्ग्याच्या उरुसातल्या कव्वाल्या रेकॉर्ड करणारा कीबोर्डवाला, तो धाकटीचा. दोघं जमले की दोन बायकांच्या दादल्यांसारखे भांडायचे, आणि मी चिवड्याचा डबा उघडून मजा पाहायचे.

"भाऊ, तुमची थोरली सारखी हँग होते," शकील म्हणायचा. "कव्वाल सूर लावून बसला, अन् हे रुसली! माह्या धाकटीत पहा, ढोलक तयार, टाळ्या तयार, सगळा मामला एकाच फाइलीत."

"तयार हाय म्हणून तं तुही कव्वाली वरातीसारखी वाजते."

"अन् थोरली? आवाज ठेवते एका डिस्कवर, त्या आवाजाचं चित्र दुसऱ्या डिस्कवर. एक गेलं का बोंबला! असा कुठं संसार राह्यते का?"

"पण चित्र तं पाह्य ना रे," दिवाकर खुर्ची पडद्याकडे ओढायचा. "धाकटीत आवाज कसा दिसते? मुंग्यायची रांग. थोरलीत पाह्य, वावरातल्या सऱ्या! एकेक मोजून घे."

वर्ध्याहून, हिंगणघाटहून पोरं यायची विचारायला, की भाऊ, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं. दिवाकर दोहोंचे गुण-दोष सांगायचा. थोरली आवाज कितीही थरांचा घेते, पण कॉम्प्युटर दमवते. धाकटी शिकायला सोपी, पण तिची ढोलकी सगळ्यांच्या गाण्यात एकच. थोरलीची तालाची टिकटिक मात्र मेली, म्हणून गाण्याआधीची मोजणी तो स्वतःच द्यायचा, रेकॉर्डिंग चालू करून, माइकवर: एक, दोन, तीन, चार. आणि शेवटी न चुकता म्हणायचा, "थोरलीच घे. साफ दिसते." मी एकदा म्हटलं, "काऊन रे, गाणं ऐकायचं असते का पाह्यचं?" तर म्हणाला, "बाई, तुहं पाह्यलेलंच बरं."

माझी एक खोड होती. खोलीच्या मधोमध काच; पलीकडे तो पडद्यासमोर, अलीकडे मी माइकसमोर. पहिल्या वेळी गाताना मी भजनात मधेच, सुरात, त्याच्या नावाची एक ओळ घुसडायचे: "टकल्या दिवाकरा, चहा तरी पाऽऽज रे." तो हात वर करून थांबवायचा, माइकवरून दरडावायचा, "बाई, मार खाशीन!" आणि मग हसत दुसऱ्यांदा घ्यायचा. वर्षानुवर्षं हा आमचा मुहूर्ताचा नारळ होता.

एके दिवशी देवीचं भजन होतं. त्यानं मोजणी दिली, मी सुरू केलं, आणि ठरल्या जागी, देवीच्या पायापाशी, चहा मागितला. त्यानं हात वर केला नाही. पडद्याकडे बघत राहिला, मान डोलवत. गाणं संपलं तसा अंगठा दाखवून म्हणाला, "भल्लं जमलं, बाई!"

मी हसणार होते. तोंड उघडलंही होतं... त्याचा तो अंगठा तसाच वर, आणि चेहऱ्यावर खरोखरचा आनंद. मला कळलं.

"अजून एकदा घे रे," मी म्हटलं.

"काऊन? चांगलं तं झालं."

"घसा बसल्यासारखा वाटला." हे मी माइकपासून दूर, ओठ नीट हलवत बोलले. ते त्याला बरोबर समजलं. दुसऱ्यांदा मी सरळ गायले. आयुष्यात इतकं सरळ कधी गायले नसेन.

स्वयंपाकघरात कुंदाला गाठलं. ती पोळ्या लाटत होती, वर न बघता म्हणाली, "त्याईले कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाई, बाई. कधीच्या. कोणाले सांगजो नोको, गिऱ्हाईक तुटन." मग वर्ध्याचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले. कानाची नस सुकली म्हणाले, परत हिरवी होत नाही. कानात घालायचं मशीन आणलं, तर हेडफोन चढवला की ते आतल्या आत किंचाळायचं. शेवटी ते कपाटात गेलं. मी दर रविवारी देवळीची एसटी धरायला लागले. त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे. गाणाऱ्याचा सूर उतरला की टेबलाखालून दिवाकरचा गुडघा दाबायचा. मग तो गंभीर चेहऱ्यानं हात वर करायचा आणि म्हणायचा, "सूर उतरला, परत घेऊ." गाणारा चाट पडायचा. बाहेर त्याच्या कानाची कीर्ती वाढत गेली, आणि आत कान विझत गेला. मंडळाची मोठी गायिका म्हणवणारी मी, गुडघा दाबण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. आमच्यात या विषयावर एकदाच बोलणं झालं, तेही एसटीच्या थांब्यावर. गाडी समोर येऊन उभी, आणि तो म्हणाला, "थोरलीत मले दिसते, बाई. तू काळजी करू नोको." मी मान हलवली. दुसरं काय हलवणार?

तेरवी झाली, पाहुणे गेले. कुंदा म्हणाली, "बाई, साऱ्या तालुक्याचे आवाज घेतले ह्या माणसानं. याचा आवाज कुठंच नाई." खरंच नव्हता. तो नेहमी काचेच्या त्या बाजूला. मग मला मोजणी आठवली. प्रत्येक गाण्याच्या आधी, एक, दोन, तीन, चार... दिवाकर काही पुसत नसे, त्यामुळे ती असणारच. गिरडहून शकीलला बोलावलं. कॉम्प्युटर सुरू होईना. शकील गाद्यांना पाठ टेकवून जमिनीवर बसला, कॉम्प्युटरची पेटी उघडली, तारा बदलल्या, एक डिस्क जोडली, मग दुसरी. दुसरी नुसती खट्खट् करत राहिली. त्यानं ती काढली, शर्टाला पुसली, परत लावली. खट्खट्.

"आवाज गेले, बाई," तो म्हणाला. थोरलीवर इतकी वर्षं जीभ चालवणाऱ्या त्या माणसानं डिस्क काढून अजून एकदा शर्टाला पुसली. "चित्रं हायेत. दाखवू?"

त्यानं देवीचं भजन उघडलं. पडदा भरून सऱ्या उमटल्या. शकीलनं बटण दाबलं. उभी रेघ डावीकडून निघाली आणि सऱ्यांवरून सरकू लागली, आणि खोलीत काहीही वाजलं नाही. मी कुंदाला जवळ ओढलं, बोटानं दाखवलं. सगळ्यात आधी चार लहान लहान फुगे, सारख्या अंतरावर. "हा पाह्य तुहा नवरा." कुंदा पुढे वाकली. पहिल्या फुग्याला तिनं पदराच्या टोकानं हळूच पुसलं, काचेवर धूळ असावी तसं, आणि तिथंच हात ठेवून राहिली. रेघ पुढे गेली. पुढच्या सऱ्या माझ्या. मला गाणं पाठ, म्हणून वाचता येत होतं. देवीचं नाव आलं, पाय आले, आणि मग एक लांबच लांब शेपूट असलेली सरी... पाऽऽज रे.

"बाई, बंद करू का?" शकीलनं विचारलं.

मी दिवाकरच्या खुर्चीत बसले होते. रेघ शेवटाला जाऊन थांबेपर्यंत मान डोलवत राहिले. मग मधल्या काचेकडे बघून अंगठा वर केला आणि म्हटलं, "भल्लं जमलं."