मावशीची हनुवटी

फ्लॅश मारणारा माणूस माझ्या डोक्यात जायचा. अजूनही जातो. समोरच्याच्या तोंडाला चुना फासायचा आणि त्याला म्हणायचं फोटो! दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी सहा मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हा तीन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या होत्या. फ्लॅश नाही. झूम नाही. आणि फोटो काढायचा तो रॉमध्येच. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने जे पाहिलं ते कच्चं, जसंच्या तसं. त्याला रंगरूप द्यायचं ते आपण, घरी, कॉम्प्युटरवर. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने शिजवून पुढे वाढलेलं. हिब्रूतल्या एका फोटोंच्या फोरमवर या एका विषयावरून मी इतक्या लोकांशी भांडलो, की शेवटी माझं नाव दिसलं की लोक विषय बदलायचे.

राहायला आम्ही इस्राएलमधल्या डिमोनात. कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर खनिजांचे नमुने तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी वाळवंटात जाऊन दगडांचे फोटो काढायचे, हा माझा छंद. गावाबाहेर अणुभट्टी, तिच्या दिशेला कॅमेरा धरायचा नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे मी आपला पाठ फिरवून दगडांकडे बघायचो. लेन्सवर कुणाच्या बोटाचा डाग दिसला तर माझं डोकंच फिरायचं. घरात कॅमेऱ्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आईची तर नव्हतीच, कारण ती बिचारी चाचपडतच हात लावणार.

आईला साखर होती. डावा डोळा आधीच गेला होता, उजव्याच्या पडद्यावर रक्त उतरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण खात्री देत नाही. कदाचित आहे तेही जाईल. आईने ते ऐकलं आणि पहिला निरोप धाडला तो ठाण्याला, धाकट्या बहिणीला. ‘माझे डोळे आहेत तोवर ये.’

मावशी आली. एकतीस वर्षांनी. आई इकडे आली तेव्हा मावशीच्या नवऱ्याची नोकरी तिकडे होती, म्हणून ती राहिली ती राहिलीच. सहा आठवडे दोघी माझ्या घरात नुसत्या बोलत होत्या. एकीच्या तोंडात घास तर दुसरीच्या तोंडात गोष्ट. बहीण आली तर मलिदा करीन, असा आईचा नवस होता. त्याप्रमाणे मोठ्या खोलीत चादर अंथरली, गोड पोह्यांचं नि फळांचं ताट मांडलं, एलियाहू हनाबीचं, आमच्या संदेष्ट्याचं, नाव घेतलं. त्यात दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. मी फोटो काढला. एकच धड आला. बाकी सगळ्यांत कुणी ना कुणी आडवं आलं होतं.

मावशी परत गेली आणि दुसऱ्याच दिवशी आईने विचारलं, “फोटो दाखव रे.”

“अगं, अजून एडिट करायचाय.”

“म्हणजे काय करायचंय?”

“ट्यूबलाइटने पिवळा आलाय. रंग सुधारतो, मग मोठा करून देतो. पडद्यावर तुला काय दिसणार?”

ते खरंच होतं. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं की तिला नुसता चकाकता धूर दिसायचा. कागद हवा होता, मोठा, खिडकीच्या उजेडात धरायला. पण कागदावर आणायला काय तीन आठवडे लागतात? मी लावले. पिवळा काढला तर हिरवा यायचा, हिरवा काढला तर दोघी आजारी दिसायच्या. मग मला शंका आली की माझा मॉनिटरच खोटा रंग दाखवतो आहे. त्याचे रंग जुळवण्यात एक आठवडा गेला. आई रोज विचारायची, मी रोज ‘झालंच’ म्हणायचो. बायको म्हणायची, “अहो, तिला बहीण बघायचीये, तुमची कला नाही.” मी तिच्यावर खेकसायचो. कारण ती बरोबर बोलत होती, दुसरं काय!

आणि एका गुरुवारी दवाखान्यातून फोन आला. कुणाची तरी तारीख रद्द झालीय, रविवारी सकाळी आईला बेर-शेवाच्या हॉस्पिटलात घेऊन या. रविवारी! शुक्रवारी दुपारी सगळं बंद होणार, मग शबात, म्हणजे शनिवारची सुट्टी, की लगेच ऑपरेशन. फोटो हातात द्यायला एक सकाळ होती.

शुक्रवारी पहाटे उठून बसलो. रंग जमला होता, पण आता एवढं केलंय तर चेहरेही साफ करू म्हटलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक ब्रश होता, डागावरून फिरवला की शेजारची कातडी तिथे येऊन बसायची. आईच्या कपाळावरचा घाम काढला. मावशीच्या गालावरचे काळे ठिपके काढले. हनुवटीवर एक फिकट रेघ होती, कसली आहे ते न बघता तीही काढली. दोघी दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या. मी स्वतःवर असा काही खूश झालो म्हणून सांगू!

गावातला प्रिंटवाला रशियातून आलेला, तोंडाने फटकळ, आणि मी त्याला नको असलेलं गिऱ्हाईक. त्याच्या मशीनमध्ये रंग आपोआप सुधारायचं बटण होतं. ते दाबलं म्हणून मी त्याला एकदा एकच फोटो तीनदा छापायला लावला होता. त्या दिवशी सीडी त्याच्या हातात दिली तर तो म्हणाला, “हो, हो, माहितीये. बटणाला हात लावत नाही.” साडेअकराला मोठा फोटो घेऊन मी घरी आलो.

स्वयंपाकघरात शुक्रवारची मासळी शिजत होती. आई खिडकीशी खुर्ची ओढून तयारच बसली होती, मांडीवर भिंग. फोटो तिने दोन्ही हातांनी घेतला, तिरका केला, सरळ केला. मग भिंग लावून नाक कागदाला टेकेल इतकी वाकली.

“ही मी. हा माझा पदर. ही ती,” ती म्हणाली. “गोरी दिसतीये गं बाई.”

मी बायकोकडे बघितलं. बघ म्हटलं, आहे की नाही!

आई भिंग सरकवत राहिली. मावशीच्या तोंडाशी आलं की थांबायची, परत वर जायची, परत खाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग भिंग तिने मांडीवर ठेवलं.

“गेले रे,” ती म्हणाली. “गेले माझे डोळे. रविवारपर्यंतही थांबले नाहीत.”

“अगं, आत्ता तर तुला पदर दिसला!”

“पदर दिसला. खूण नाही दिसत. हनुवटीवर खूण आहे तिच्या, एवढी मोठी. ती मला अंधारात दिसेल. तीच दिसत नाही म्हणजे काय राहिलं?”



ती खिडकीकडे तोंड करून बोलायला लागली, आम्ही तिथे नसल्यासारखी. ती नऊ वर्षांची, मावशी सहाची. एका पेरूवरून भांडण झालं आणि तिने मावशीला ढकललं. मावशी पाट्याच्या कडेवर आपटली, हनुवटी फाटली. घरात ओरडा झाला तेव्हा ढकलणारी माझी आईच म्हणाली, ती आपली आपणच पडली. आणि रक्ताने भरलेल्या तोंडाने मावशीनेही तेच सांगितलं. आपली आपणच पडले. “साठ वर्षं झाली,” आई म्हणाली, “तिने कधी माझं नाव घेतलं नाही, आणि मीही कधी बोलले नाही. इथे सहा आठवडे समोर बसली होती. रोज सकाळी त्या खुणेकडे बघायचे आणि म्हणायचे, आज बोलेन. म्हटलं, फोटोत तरी बघून ठेवीन.”

सहा आठवडे ती बाई माझ्या घरात जेवली, आणि तिच्या हनुवटीवर खूण आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी ती पुसली होती. आणि समोर माझी आई, आपण आंधळ्या झालो म्हणून रडत होती. खोटं सांगायला जागा होती, हेही कबूल करतो. म्हणू शकलो असतो की कागद उन्हाने चमकतोय, संध्याकाळी बघ. जिभेवर आलं होतं.

“आई, डोळे नाही गेले. मी काढली ती.”

“काय काढलीस?”

“खूण. कॉम्प्युटरवर. मला वाटलं डाग आहे.”

तिने माझ्याकडे मान वळवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “परत आणता येते?”

रॉ! त्या रॉवरून मी इतका भांडलो ते पहिल्यांदाच सार्थकी लागलं. मूळ फाइलला कुणी हात लावलेला नसतो. मी कॉम्प्युटरकडे धावलो. बारा वीस. प्रिंटवाला एकला बंद करतो. फाइल उघडायला त्या डबड्याला चार मिनिटं लागली. रंग नाही, ब्रश नाही, काही नाही, आहे तशीच, फक्त छापण्याजोगी करून सीडीवर टाकली. सीडी निम्म्यात अडकली. दुसरी घातली. मी टेबलावर अशी मूठ आपटली की बायको म्हणाली, “मशीनला मारून काय होणार?” दुसरी सीडी झाली तेव्हा एकला पाच कमी होते. गाडी बायकोच्या भावाने नेली होती. मी पळत सुटलो, चढावर, पंचेचाळिसाव्या वर्षी, सपाता घालून.

शटर कमरेपर्यंत खाली आलं होतं.

“सागूर!” आतून तो ओरडला. बंद!

मी वाकून आत घुसलो. “एकच फोटो.”

“मशीन बंद केलंय. तापायला वीस मिनिटं लागतात. बायको वाट बघतीये. रविवारी ये.”

“रविवारी उपयोग नाही.”

“सकाळी छापून दिलाय तुला. आता काय, निळा एक टक्का जास्त झाला?”

एरवी मी त्याला सोडला नसता. पण त्या दिवशी धापा टाकत, तुटक हिब्रूत सांगितलं. आईचे डोळे, रविवारचं ऑपरेशन, बहिणीची खूण, आणि मी काय करून बसलो ते. सांगता सांगता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्यासमोर! त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या सपातांकडे. मग शटर आतून खाली ओढलं आणि मशीनचं बटण दाबलं.

ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मशीनवरचा छोटा लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघत दोघे उभे होतो. त्याने घरी फोन करून बायकोच्या शिव्या खाल्ल्या. मग सीडी घातली, फोटो उघडला आणि म्हणाला, “फार पिवळा आहे हा. बटण दाबू?”

“नको. कशालाच हात लावू नको.”

“एरवी रंगावरून भांडतोस म्हणून विचारलं,” तो म्हणाला. फोटो ओलसरच हातात आला.

घरी पोचलो तेव्हा आई त्याच खुर्चीत होती. जेवली नव्हती. ऊन खिडकीतून सरकत चाललं होतं, म्हणून बायकोने खुर्ची उन्हाबरोबर सरकवली होती. आईने भिंग घेतलं. भिंग पदरावरून गेलं, मावशीच्या खांद्यावरून वर चढलं, आणि थांबलं.

थांबलं ते थांबलंच.

“आहे,” आई म्हणाली. “आहे गं बाई, आहे.” आणि मग फोटोलाच म्हणाली, “किती लागलं होतं गं तुला.”

शबातचे दिवे लावेपर्यंत तिने तो खाली ठेवला नाही.

रविवारी सकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, आत न्यायच्या आधी, तिने माझा मोबाइल मागितला. ठाण्याला लावून दिला. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाली, “पाट्यावर तुला मी ढकललं होतं. मी.” पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आई ऐकत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, रडत रडत.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“म्हणाली, पेरू कच्चा होता.”

ऑपरेशनने काही हाती लागलं नाही. उजेड आणि अंधार, एवढंच राहिलं. त्या फोटोनंतर आईने दुसरा फोटो पाहिला नाही.

पिवळा फोटो काचेत घालून तिच्या पलंगाशी, हात पोचेल इतका खाली लावला. फोरमवरचा एक जण घरी आला होता, तो म्हणाला, रंग दोन मिनिटांत दुरुस्त करून देतो. त्याला मी चहा न देता घालवला. आई येता-जाता भिंतीशी चाचपडत फोटोपाशी थांबायची आणि बरोबर मावशीच्या हनुवटीवर बोट टेकवायची. कधी चुकायची नाही. त्या जागी काचेवर तिच्या बोटाचा तेलकट डाग पडला होता. बायको दर शुक्रवारी सगळ्या घराच्या काचा पुसायची. त्या काचेपाशी आली की माझ्याकडे बघायची, आणि मी सांगायचो, “ती राहू दे.”