कुंडीचं वजन

कुंडीत भरायच्या तयार मातीची, पॉटिंग मिक्सची पिशवी फोडली की ओल्या सालींचा आंबूस वास येतो आणि मला कॅनबेरातलं पहिलं वर्ष आठवतं. काम घरूनच असायचं, त्यामुळे मीटिंग संपली की दिवसभर कुणाशी बोलणं नाही. शेजारचे ऑस्ट्रेलियन आजोबा कंबरदुखीसाठी मागच्या अंगणात गांजाची दोन रोपं वाढवत होते; स्वतःपुरती दोन लावायला तिथे परवानगी आहे. डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी फाटकाची किल्ली माझ्याकडे दिली. "माती सुकली तरच पाणी," एवढंच म्हणाले. एका छोट्या कुंडीत बोटभर उंचीची रोपं, करवतीसारख्या कडांची इवली पानं. मी मात्र रोज आंघोळ झाली की तांब्या घेऊन जायची, आई तुळशीला घालायची तसं पाणी घालायची आणि रोपांशी चक्क मराठीत गप्पा मारत बसायची. आठवड्याभरात दोन्ही बुडाशी कुजून आडवी झाली. आजोबांनी परत आल्यावर कुंडी उचलून पाहिली. "केवढी जड! रोज पाणी घालायला कुणी सांगितलं होतं?" मला रडूच फुटलं. रोज जायला दुसरं ठिकाणच नव्हतं, हे कसं सांगणार? त्यांनी कुजलेली रोपं उपटली, कुंडीत कोरडी माती भरली. मग नवं बी मातीत खोचत म्हणाले, "नो वरीज, मेट. रोज ये. कुंडी उचलून बघ. जड लागली तर पाणी घालू नकोस, नुसता चहा पिऊन जा." आजोबा आता नाहीत. माझ्या तुळशीची कुंडी मी अजून आधी उचलून बघते. जड लागली की भरलेला तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहते.