कपाटाची चावी बर्फावर होती

नोव्हेंबर १९८४ : सासूबाईंचा दमा वाढल्याचे पत्र नाशिकहून आले. डिसेंबरचा पहिला आठवडा : हमीपत्रावर सही झाली. त्याच महिन्याची अखेर : जपान.

जबाबदार व्यक्ती तीन. आखातात दोह्यातील आमच्या कंपनीचे मालक, ज्यांनी सर्वांचे पासपोर्ट एका पोलादी कपाटात ठेवण्याचा नियम केला. कार्मिक अधिकारी, ज्यांच्याकडे त्या कपाटाची चावी असे. आणि सही करणारा मी. मालक वारले. मला स्वतःला मी रोज जाब विचारतो. उरले अधिकारी.

समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाचे पंप जपानहून यायचे होते. तपासणीसाठी अधिकाऱ्यांना आणि मला बोलावणे आले, आणि पुरवठादाराने सौजन्य म्हणून अखेरचे पाच दिवस बर्फावरच्या एका विश्रामस्थळी सहकुटुंब योजले. अधिकारी सपत्नीक निघाले. मला मात्र अट घातली गेली : मुले न्या, पत्नी आणि तिचा पासपोर्ट इथेच राहील.

"बायको मागे असली की नवरा परत येतो," अधिकारी हसून म्हणाले. "मनावर घेऊ नका, वकीलसाहेब!" मी वकील नव्हे. नियम वाचण्याच्या खोडीमुळे कचेरीने मला दिलेले ते नाव.

पत्नी खिडकीशी बसून मुलांच्या कानटोप्या विणत होती. "बघू दे हो त्यांना बर्फ," ती म्हणाली. "पंधरा दिवसांचा तर प्रश्न. आईला थंडीत दरवर्षीच होतं."

या अटीला आधार काय, हे मी विचारले नाही. हमीपत्रावर सही केली.

ते ठिकाण मुलांसाठीच घडवलेले होते. सौम्य उतार, घसरगाड्या, कडेने ताणलेले रंगीत दोर, प्रत्येक मुलाच्या बाहीवर क्रमांकाची पट्टी. मूल चुकू नये म्हणून केवढा बंदोबस्त! त्या पट्ट्या पाहून मला उगाच कपाटातले क्रमांक लावलेले पासपोर्ट आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ध्वनिक्षेपकावरचे बालगीत मध्येच थांबले. माझे नाव पुकारले गेले. मुले खिदळत घसरतच होती.

दोह्याहून पत्नीचा फोन होता, शेजाऱ्यांकडून. "आई बोलेनाशी झालीय. संध्याकाळच्या विमानात जागा आहे. ऑफिसात कपाट कुणी उघडत नाही. चावी साहेबांनी बरोबर नेलीय म्हणतात."

साहेब भोजनगृहात गरम कोको पीत होते.

"दुसरी चावी कुणाकडे आहे?" मी विचारले.

"दुसरी असती तर कुलपाला अर्थ काय?"

"मग फोन करा, कपाट फोडायला सांगा."

"म्हणजे उद्या सगळेच फोडतील! चार दिवस, वकीलसाहेब. मग खलास, परतच चाललोय आपण. इन्शाल्ला, थांबतील सासूबाई." त्यांनी खिशात हात घातला, तसा जुडगा वाजला.

मी हॉटेलच्या कागदावर तिथल्या तिथे अर्ज लिहिला. विषय : पत्नीचा पासपोर्ट तत्काळ ताब्यात देण्याबाबत. त्यांनी तो वाचला, माझ्या इंग्रजीचे कौतुक केले आणि त्यावर कप ठेवला.

बाहेर नऊ वर्षांची मुलगी धावत आली. "बाबा, आईचा फोन होता? टेल हर आय डिडंट फॉल!"

त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी सासूबाई गेल्या. आम्ही दोह्याला पोचलो तेव्हा पत्नीची बॅग दाराशी भरलेली होती. वर इस्त्रीची साडी घडी घालून ठेवलेली. तिने मुलांना जवळ घेतले. "पडलात का रे बर्फात?" मला तिने काहीच विचारले नाही. आजतागायत नाही.

ते अधिकारी आता पुण्यात आखातातून परतलेल्यांच्या वार्षिक मेळाव्याचे अध्यक्ष असतात आणि कुटुंबसंस्थेवर बोलतात. माझ्या प्रत्येक पत्राची पोचपावती त्यांच्या सहीनिशी माझ्याजवळ आहे. उत्तर एकाही पत्राचे नाही. म्हणून आता खाजगी उत्तर मला नको. कपाचा गोल डाग पडलेला तो अर्ज मी जपून ठेवला आहे. येत्या मेळाव्यात तो मी त्यांच्या हाती देईन. त्यांनी तो व्यासपीठावरून मोठ्याने वाचावा आणि सांगावे, की फोन दहा पावलांवर असताना त्यांनी तो का उचलला नाही. माझी पत्नी पहिल्या रांगेत बसलेली असेल.