सईचा उजवा हात

रविवारी खडेबाजारात गेलो होतो, मी आणि माझी नऊ वर्षांची लेक सई. नणंदेचं लग्न आहे, बांगड्या भरायच्या होत्या. पण खरी गोष्ट दीड वर्षापूर्वीची, त्याच दुकानातली...

सईच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी जन्मापासून निळसर फुगवटा होता. एका डॉक्टरांनी वयाबरोबर जाईल म्हटलेलं आणि आम्ही निवांत वाट बघत बसलेलो. अर्धं पान लिहिलं की हात दुखतो म्हणायची. मी स्वतः निपाणीत शाळेत विज्ञान शिकवते, पण मला वाटायचं अभ्यास टाळतेय... दोनदा धपाटाही घातला.

त्या दिवशी दुकानातल्या कासारीण आक्का बांगडी चढवताना तिचा हात दाबून मध्येच थांबल्या. हात वर धरायला लावला, मग खाली सोडायला. वर धरला की फुगवटा बसायचा, खाली सोडला की हळूहळू भरायचा.

"ही गाठ न्हाय बाई," आक्का म्हणाल्या. "रगत भरतंय हितं. मोठ्या डॉक्टरला दावा." उजव्या हाताला त्यांनी एक माप मोठी बांगडी घातली.

सात वर्षं तो हात मी रोज धुतला होता, आणि दिसलं त्यांना...

बेळगावात एमआरआय झाला. तिथल्या शिरा जन्मतःच नीट घडल्या नव्हत्या. ऑपरेशनच्या नावानं मी धसका घेतला होता, अंगठा आखडला तर? पण डॉक्टरांनी कापलं नाही. भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, सुईनं त्या शिरांत औषध सोडलं, म्हणजे त्या आक्रसतात. अशा तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेनंतर हात उलट टम्म सुजला, तेव्हा मात्र माझी झोप उडाली होती. चार-आठ दिवसांत उतरला.

परवा रविवारी आक्कांनी आधी सईला हात खाली सोडायला सांगितलं. आम्ही तिघी बघत उभ्या... भरला नाही.

"दुखतंय का गं आता?" आक्कांनी विचारलं.

"न्हाय."

दोन्ही हातांना एकाच मापाच्या बांगड्या बसल्या. पुढं कधी पुन्हा भरू शकतं, अधूनमधून दाखवत राहायचंय, हे माहीत आहे. तरी आक्कांचे हात धरून मी रडलेच.

काल सईनं निबंधाची दोन पानं एका बैठकीत लिहिली. मी तिला सॉरी म्हटलं. तर म्हणाली, "कशाबद्दल?"

धपाटे ती विसरून गेलीय... मला ते जमायचं नाही.